शून्य लिहिण्याआधी

बर्क्स पासच्या चढावर, मालट्रक गिअर बदलतात तिथे,
अ‍ॅल्विन डनबारच्या कुंपणापलीकडे
तारामेआची झुडपं. एकेक पान म्हणजे सुरा.
नायरी गुडघ्यांना जुन्या गालिच्याचे तुकडे बांधते,
कपाळावरचा दिवा लावते.
दहा वाजून वीस. तापमान चार.
"आत हात घालू नकोस," ती सांगते.
तावीता घालतो. पहिल्या वर्षी सगळेच घालतात.

बोटाचं रक्त चोखत तो विचारतो, दिसते कशी ती?
"पिठाच्या डब्यातला टोका आठव.
त्याला अंगठ्याच्या पेराएवढा कर.
पंख काढून घे, उडण्याचा प्रश्न मिटला.
पाठीवर गाठी दे, वाळल्या चिखलाच्या.
आणि सोंड. नाक मुठीत धरून जगायचं
तर सोय हवी ना काहीतरी."

प्रजाती एक, हॅड्राम्फस. जाती चार.
एक उत्तरेच्या बेटांवर, कारोच्या झाडांत,
समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या उग्र वासात.
एक खाली फ्योर्डलँडला, जिथे उंदीर पोचले नाहीत
किंवा पोचले आणि वेळेवर मारले गेले.
तिसरी चॅटमच्या खडकांवर.
ती आपलंच झुडूप खाते, पार बुडख्यापर्यंत,
घर संपलं की चालू लागते.
पुढचं मिळालं तर मिळालं.
तिच्याबद्दल नायरी जास्त बोलत नाही.
तिचा धाकटा भाऊ आधी पर्थला गेला,
मग डार्विनला,
मग नाताळची कार्डं परत यायला लागली.

चौथी ही, आपली.
जात म्हणजे इथे एवढंच:
कुणी कोणतं पान खायचं.
त्यावरून कुणाला वेशीबाहेर ठेवत नाहीत.
मरायचं मात्र ज्याने त्याने आपापल्या पानाबरोबर.

ऐंशी वर्षं हिला मेलेली धरली होती.
संग्रहालयात एक खण, गंजकी टाचणी,
शाई उडालेली चिठ्ठी.
मग या रस्त्याकडेलाच कुणाला तरी सापडली.
ऐंशी वर्षं ती काही लपून बसली नव्हती.
खात होती.
गाड्या जात होत्या.

झुडूप सात, नाही. झुडूप आठ, नाही.
पंधराव्यावर कोळी. बाविसाव्यावर मेंढीची लोकर.
पत्रकात तीन रकाने: दिसली, खुणा, नाही.
मेली असा चौथा रकाना नायरीने छापू दिला नाही,
त्यावरून कचेरीत दोन बैठका झाल्या.
तीन वर्षं तिसराच रकाना भरतोय.
जूनला निधी संपतो.
"सगळी सोंगं आणता येतात रे,
पैशाचं तेवढं आणता येत नाही."

तेहतिसाव्या झुडपाला तावीताचा खांदा लागला
आणि काहीतरी पडलं. टप्.
वाळूवर एक ढेकूळ.
पाय असलेच तर पोटाशी घट्ट मिटलेले.
"मेली?"
"गप्प. दिवा बंद कर."

अंधारात तारामेआच्या डिंकाचा वास येतो.
नायरीची आजी तो कापडाला चोळून
गळ्यात बांधायची, लग्नाला जाताना.
तावीताचं बोट ठणकतं.
ज्याला कोणी घाबरवलंय
त्याला आपण निघून गेलोय असं वाटायला किती वेळ लागतो,
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
नायरी मनात अकरा मिनिटं मोजते. ती नेहमी अकराच मोजते.
एक ट्रक उतारावरून जातो, त्याचा उजेड
झुडपांवरून फिरतो आणि जातो.

दिवा लावला.
ढेकूळ जागेवर नव्हतं.

"एक लिहा," तावीता म्हणतो, "एक लिहा ना."
"उतार आहे. घरंगळलं असेल."
"ढेकळं थांबून घरंगळतात?"

ती पेन्सिलीला थुंकी लावते,
पहिल्या रकान्यावर टेकवते, उचलते,
तिसऱ्यावर नेते,
मग गुडघ्यावरचा गालिचा सारखा करत म्हणते,
चौतीस बाकी आहे अजून.
चल, आणि हात बाहेर ठेव.